सुराबीज: एका इंग्रजी पुस्तकाच्या निमित्तानें

मराठी वाङ्मयांत प्याला पुष्कळ आहे, पण घट नाहीं. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें आणि सुधाकराच्या हातांतील पेला महाराष्ट्रानें पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. पुढें माधव जूलियन यांनीं उमर खय्याम फार्सीवरून मराठींत आणला, तेव्हां त्याच्याबरोबर साकी आली आणि सुरईहि आली. एकीकडे अश्रू, दुसरीकडे उसासे. परंतु त्या पेल्यांत जें होतें तें कोठें शिजलें, कशानें आंबलें, कोणीं आंबविलें आणि भांड्याच्या तळाशीं उरलें त्याचें पुढें काय झालें, हे प्रश्न आपल्या ग्रंथकारांस पडल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. ही तक्रार मी मद्यपानाच्या कैवारानें करीत आहें, असा समज कृपा करून कोणीं करून घेऊं नये. प्रस्तुत लेखकाच्या घरांत आंबविण्याचा व्यवहार दहीं आणि इडलीचें पीठ यांच्यापलीकडे कधीं गेलेला नाहीं. तक्रार वाङ्मयीन आहे. माणसाच्या हातानें हजारों वर्षें चाललेली एक बारीक, चिकाटीची आणि डोळस क्रिया ग्रंथांतून जवळजवळ अदृश्य राहावी, हें कसें झालें?

प्रश्न सुचण्यास कारण झालें तें एक इंग्रजी पुस्तक. क्रिस व्हाइट व जमील झैनाशेफ या अमेरिकन लेखकद्वयाचें ‘यीस्ट’ हें पुस्तक २०१० सालीं प्रसिद्ध झालें. बीअर करणाऱ्या घरगुती हौशी मंडळींसाठीं आणि लहान कारखानदारांसाठीं निघालेल्या एका मालेंतील हें पहिलें पुस्तक. हॉप्स, पाणी व माल्ट यांवरचीं पुस्तकें मागाहून निघालीं. तें माझ्यापर्यंत आलें तें मुळशीच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. हा गृहस्थ बारा वर्षें अमेरिकेंत होता. तेथें मध्यवर्ती सरकारनें १९७८ च्या कायद्यानें घरगुती बीअरवरील बंदी उठविली, आणि तेव्हांपासून घराच्या मागील खोलींत भांडें मांडून बसणें हा तिकडे पुष्कळांचा छंद झाला आहे. आमच्या विद्यार्थ्यासहि तो जडला. आतां तो पौडच्या पलीकडे, धरणाचें पाणी दिसेल अशा उतारावर, घर बांधून राहिला आहे. आपल्याकडे परवान्यावांचून मद्य तयार करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा आहे. पुण्यांत २००९ पासून परवाना घेऊन चालणाऱ्या लहान मद्यशाला निघाल्या, तरी घरच्या चुलीला ती सवलत नाहीं. त्यामुळें त्याची बरणी आतां पावाच्या कणकेपुरती उरली आहे. बाकीचें सारें फोटोंत आहे. मात्र ते फोटो त्यानें मला ज्या उत्साहानें दाखविले, त्या उत्साहानें लोक लग्नाचे फोटोहि दाखवीत नाहींत.

फोटोंत होता तो एका कांचेच्या बरणींतील गाळ. मी विनयानें “हें काय?” असें विचारलें. “सर, हें बियाणं,” तो म्हणाला.

पुस्तकाचा गाभाहि हाच गाळ आहे. आंबण्याची क्रिया संपत आली कीं यीस्टच्या पेशी एकमेकींना बिलगून त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशीं बसतात. वरची बीअर काढून घेतली कीं भांड्यांत साका उरतो. नवशिका तो मोरींत ओततो, जाणता तो बरणींत भरून ठेवतो. कारण प्रारंभीं जितकें यीस्ट घातलें असेल त्याच्या साधारणतः तीन ते पांच पट यीस्ट शेवटीं हातीं येतें. एका घटाच्या पोटांत पुढच्या तीन-चार घटांचा आरंभ असतो. परंतु सगळाच साका सारख्या योग्यतेचा नव्हे. अगदीं तळाशीं तपकिरी थर असतो: धान्याचा चुरा, हॉप्सची भुकटी, साकळलेलीं प्रथिनें, मेलेल्या पेशी. त्यावर सायीसारखा पांढरट, दाट थर. त्याच्याहि वर एक पातळ, उशिरां बसलेला थर. घ्यावयाचा तो मधला. आणि कां, याचें कारण पुस्तकांत जेथें आलें आहे तेथें मी पेन्सिलीनें उभी रेघ ओढली. जो मनुष्य दरवेळीं अगदीं तळचें यीस्ट उचलतो, तो नकळत लवकर बसणाऱ्या पेशींची निवड करीत असतो. कांहीं पिढ्यांनीं त्याचें यीस्ट इतकें लवकर बसूं लागतें कीं काम अर्धवट टाकूनच तें तळ गांठतें आणि बीअर गोड राहते. जो दरवेळीं वरचें घेतो, त्याचें यीस्ट पुढें बसावयासच तयार होत नाहीं आणि बीअर गढूळ राहते. म्हणजे बरणींत चमचा कोठें घातला यावर पुढील वंशाचा स्वभाव ठरतो.

मधला थर घेतल्यावर तो स्वच्छ करण्याच्या दोन रीति आहेत. पहिली अशी: उकळून गार केलेलें पाणी सांक्यांत घालावें, हलवावें, दहा-वीस मिनिटें स्थिर ठेवावें, जड कचरा खालीं बसला कीं वरचें गढूळ पाणी दुसऱ्या निर्जंतुक बरणींत ओतून घ्यावें. त्या पाण्यांतच यीस्ट तरंगत असतें. बरणी फ्रिजमध्यें ठेवावी, झांकण घट्ट लावूं नये, कारण आंतला प्राणी थंडींतहि हळूहळू वायु सोडीत असतो. आणि शक्यतों आठवड्या-दोन आठवड्यांत तें वापरावें. दुसरी रीति औषधी आहे: साका थंड असतांना त्यांत फॉस्फोरिक आम्ल घालून आम्लता वाढवावयाची, म्हणजे शिरलेले जीवाणु मरतात. पण त्यानें यीस्टहि दुखावतें, आणि रानटी यीस्ट शिरलें असल्यास तें मरत नाहींच. इंग्रजींत या दोन क्रियांना दोन निराळे शब्द असूनहि हौशी मंडळी पहिलीस सर्रास दुसरीचें नांव देतात, आणि लेखकांना हा घोटाळा निस्तरावा लागला आहे. मराठींत तो व्हावयास नको. आपण तांब्या विसळतों आणि लुगडें धुतों. पहिलें काम नुसत्या पाण्याचें, दुसऱ्यास कांहीं तरी लावावें लागतें. पहिली रीति विसळण्याची, दुसरी धुण्याची. ही अचूक शब्दांची जोडी आपल्या घरांत रोज वापरांत असतां आपण शास्त्रीय परिभाषेसाठीं संस्कृताच्या दारीं उभे राहतों, याची मला जराशी लाज वाटली.

पुस्तकाची भाषा साधी, कामापुरती आहे. पुनरुक्ति आहे. इतिहास लेखकांनीं थोडक्यांत उरकला आहे आणि तो युरोपचा आहे. पण दोन गोष्टींसाठीं मला हा ग्रंथ मानावासा वाटतो. पहिली ही कीं पेशी मोजाव्या कशा, मेलेल्या पेशी निळ्या रंगानें ओळखाव्या कशा, हें सांगतांना लेखक वाचकाला आपल्या बरोबरीचा समजतात. दुसरी अधिक महत्त्वाची. क्रिस व्हाइट हे स्वतः यीस्ट विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक आहेत. ज्याचा धंदा माल विकण्याचा, त्यानेंच एकदां घेतलेला माल पांच-दहा वेळां कसा वापरावा हें उघड्यावर शिकवावें, ही ग्रंथाच्या प्रामाणिकपणाची खूण होय.

हें वाचून संपल्यावर आपल्याकडील जुने ग्रंथ या दृष्टीनें चाळावे असें मनांत आलें. जेम्स मॅक्‌ह्यू या पंडिताचा प्राचीन भारतीय मद्यावरील इंग्रजी ग्रंथ २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आहे, त्याचा मार्ग पुष्कळ विस्तृत आहे. मी फक्त तळच्या गाळाचा माग काढीत होतों.

कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. पानागारांत शय्या, आसनें, गंध, फुलें असावीं, गिऱ्हाइकांच्या खर्चावर गुप्त हेरांची नजर असावी, असा तो सारा कारभारी थाट आहे. पण मध्येंच हा कारभारी मनुष्य भांड्यांत डोकावतो आणि मापें सांगूं लागतो. मेदक नांवाच्या पेयास द्रोणभर पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण, हें कोष्टक लक्षांत घेतल्यास तांदूळ दोन प्रस्थ झाले आणि किण्व तीन प्रस्थ! विरजण दुधाच्या दीडपट झालें. उलट प्रसन्ना नांवाच्या पेयांत बारा आढक पिठाला पांच प्रस्थ किण्व, म्हणजे सुमारें एक-दशांश. कोष्टक येथें आपल्याला सावध करतें. कौटिल्याचें किण्व म्हणजे बरणींतील साई नव्हे. उडदाच्या द्रोणभर कच्च्या किंवा शिजविलेल्या लगद्यांत तांदूळ व मोरट इत्यादि वनस्पति घालून तें बांधावयाचें असतें, असें तो पुढें सांगतो. झारखंडांत हंडियासाठीं रानूची गोळी लागते, तिच्या जातीचें तें दिसतें. त्यांत धान्यहि आहे, आंबविणारा जीवहि आहे. अर्थात् संस्कृतांतील किण्व या एका शब्दाखालीं दोन वस्तु राहतात: एक मुद्दाम बांधलेलें, दुसरें मागल्या घटांत उरलेलें. भाषांतरकारांनीं दोहोंस एकच इंग्रजी शब्द दिला आणि त्यामुळें दुसरें हरवलें.

तें कोठें हरवलें याचा पत्ता त्याच अध्यायांत एका लहानशा वाक्यांत आहे. सुरा व किण्व यांचा विचय स्त्रियांनीं व मुलांनीं करावा, असें कौटिल्य सांगतो. शामशास्त्र्यांनीं विचय म्हणजे गोळा करणें असा अर्थ घेतला. शब्दाला तो अर्थ आहे; पण शोधणें, वेंचणें, निवडणें हाहि आहे. तळच्या सांक्यांतील कोणता थर घ्यावा यावर पुढचें सारें कसें अवलंबून असतें हें एकदां कळल्यावर मला ‘निवडणें’ हाच अर्थ अधिक पटतो. तांदूळ निवडतात तसें किण्व निवडावयाचें. काम बारीक नजरेचें, बसून करावयाचें, म्हणून तें बायकामुलांकडे. आणि बायकामुलांकडे होतें म्हणून त्याची कृति ग्रंथांत नाहीं! मापें राजपुरुषानें लिहून ठेवलीं. निवडण्याची नजर ज्यांच्यापाशीं होती त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. याच अध्यायांत कुटुंबवत्सल लोकांना सणासमारंभास श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा आहे, यात्रा-उत्सवांत चार दिवसांची मोकळीक आहे. म्हणजे घरोघरीं हें काम चाले, आणि वर्षांतून कांहींच दिवस चाले. मग मधल्या महिन्यांत किण्व कसें राखीत? कौटिल्य गप्प आहे. तो प्रश्न त्याच्या खात्याचा नव्हता.

शार्ङ्गधर अधिक जवळ येतो. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या या वैद्यकग्रंथाच्या मध्यमखंडांत सुरेच्या घटाचा जणूं उभा छेद घेतला आहे. वरची नितळ ती प्रसन्ना, तिच्याहून दाट कादंबरी, तिच्या खालीं जगल, जगलाहून दाट तो मेदक, सार निघून गेल्यावर उरणारा बक्कस, आणि सुराबीज म्हणजेच किण्व. गंमत अशी कीं कौटिल्याच्या लेखीं प्रसन्ना आणि मेदक हीं दोन निराळीं पेयें आहेत, शार्ङ्गधराच्या लेखीं ते एकाच घटांतील दोन थर आहेत, आणि अमरकोशानें जगल व मेदक यांना समानार्थी ठरवून टाकलें आहे. तीन प्रमाणग्रंथ, तीन मतें. पंडितांनीं अशा ठिकाणीं काल, देश व पाठभेद यांचा आश्रय करावा हें योग्यच आहे. पण एखाद्यानें एकदां घट मांडून शेजारीं बसावें, हेंहि तितकेंच योग्य ठरेल. माझ्या विद्यार्थ्याचा तो फोटो आणि शार्ङ्गधराची यादी शेजारीं शेजारीं ठेवून पाहतांना मला प्रथम जो हर्ष झाला तो मी लपवीत नाहीं. थरामागून थर जुळत होता. मग शेवटीं एक अडचण आली. शार्ङ्गधर सुराबीज यादीच्या तळाशीं ठेवतो, आणि इंग्रजी पुस्तक बजावतें कीं अगदीं तळचें घेऊं नका. ग्रंथ चुकला म्हणावें, तर त्याच्या घटांत हॉप्स नव्हते आणि मोड आणलेल्या सातूंचा चुराहि नव्हता. तळ निराळा असणारच. ओढून-ताणून जुळविण्याचा मोह आपल्या टीकाकारांस फार लवकर होतो. मी तो येथें आवरतों. परंतु सुराबीज हा शब्द मात्र मला सोडवत नाहीं. बीज त्यालाच म्हणतात जें पुढल्या हंगामाला पेरतात. ज्या कोणीं तळच्या गाळाला प्रथम हें नांव दिलें त्यानें, किंवा बहुधा तिनें, तो गाळ पुन्हां वापरलेला असला पाहिजे. कृति लिहिली गेली नाहीं, पण नांवांत ती शिल्लक राहिली.

तत्त्वज्ञानांतहि किण्वानें एकदां मोठी कामगिरी केली आहे. चार्वाकांचें मत माधवाचार्यांनीं चौदाव्या शतकांत सर्वदर्शनसंग्रहांत दिलें आहे, त्यांत चैतन्याच्या उत्पत्तीस दृष्टान्त किण्वाचा आहे: किण्वादि पदार्थ एकत्र आले कीं मुळांत नसलेली मादकता उद्भवते, तसें चार भूतें एकत्र आल्यानें चैतन्य उद्भवतें, निराळा आत्मा मानण्याचें कारण नाहीं. यावर आत्मवाद्यांनीं बरेच वार केले. दोन्ही पक्षांनीं किण्व हें जड द्रव्यच धरलें होतें. १८३७ च्या सुमारास युरोपांत काञ्यार्द-लातूर, श्वान व क्युत्सिंग या तिघांनीं आपापल्या सूक्ष्मदर्शकांतून पाहून सांगितलें कीं यीस्ट सजीव आहे, तेव्हां लीबिख व व्होलर या रसायनशास्त्र्यांनीं १८३९ सालीं निनांवी विडंबन छापून त्यांची टवाळी केली. पुढें पाश्चरनें लीबिखशीं दीर्घ वाद करून जीवपक्ष सिद्ध केला. चार्वाकाचा दृष्टान्त त्यामुळें कोसळला म्हणावा, कारण जडांतून चैतन्य दाखविण्यासाठीं त्यानें जी वस्तु पुढें केली तीच जिवंत निघाली! पण १८९७ सालीं बुखनरनें यीस्ट चिरडून, गाळून, केवळ त्याच्या रसानें साखर आंबवून दाखविली, आणि चार्वाकाला अर्धें राज्य परत मिळालें. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांत हा दृष्टान्त अजूनहि पाठ करून घेतात. वर्गांत बरणी मात्र कोणी आणीत नाहीं.

मग आपल्या परंपरेंत सांठवण नव्हतीच कीं काय, असें कोणी विचारील. वैद्यांच्या आसवारिष्टांपुरतें पाहिल्यास तिची गरजच पडली नसावी. शार्ङ्गधराचा सामान्य नियम असा आहे कीं जेथें प्रमाण दिलेलें नाहीं तेथें द्रोणभर द्रवाला तुळाभर गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप घ्यावा. मागल्या घटांतील साका पुढल्यांत घालावा असें त्या नियमांत नाहीं. त्याऐवजीं कितीतरी आसवांत धायटीचीं फुलें पडतात. हीं फुलें ताम्हिणीच्या वाटेवर, मुळशीच्या उतारांवर, उन्हाळ्याच्या तोंडाशीं तांबडीं लाल होऊन फुललेलीं कोणीहि पाहावीं. त्यांतील मधाच्या गोडीवर रानचें यीस्ट जगतें, तेंच घटांत उतरतें. डोंगर दरवर्षीं नवें बियाणें पुरवीत असतां घरांत राखावयाचें कशाला? पण वैद्याचा घट आणि स्वयंपाकघरांतील गाडगें यांत फरक आहे. गोव्यांत व वसईकडे पाववाले कणीक फुगविण्यास माडाची ताजी सुर घालीत. आंबविलेल्या कणकेचा गोळा उद्यांसाठीं काढून ठेवणें, हें तर साऱ्या जगांतील पाववाल्यांचें काम आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें मद्य गाळण्यावर सरकारी परवान्याची मोहर बसविली, आणि ज्या घरांत कांहीं राखलें जात असेल तेथें तें सुकून गेलें असणार. पोथी शंभर वर्षें कपाटांत पडून राहिली तरी वाचतां येते. किण्व तसें नव्हे. तें वापरलें नाहीं तर मरतें, आणि मेल्यावर कोणतीहि कृति वाचून जिवंत होत नाहीं.

युरोपानें आपलें किण्व राखलें, तें केवळ बुद्धीनें राखलें असेंहि नाहीं. कार्ल्सबर्ग मद्यशाळेचे संस्थापक याकोबसेन हे १८४५ सालीं म्यूनिकहून दोन भांड्यांत यीस्ट घेऊन कोपनहेगनकडे निघाले, आणि गाडी जेथें जेथें थांबे तेथें तेथें भांड्यांवर गार पाणी ओतीत गेले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १८८३ सालीं त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हान्सेन यांनीं एका पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट प्रथम कामास लावलें. आणि कारखान्यानें तें दुसऱ्या कारखान्यांस फुकट दिलें. विरजण विकूं नये हा आपल्या बायकांचा नियम डेन्मार्कांतहि पाळला गेला हें वाचून बरें वाटलें. हल्लीं पुण्यांत पाषाणच्या रस्त्यावर, म्हणजे मुळशीकडे जातांना वाटेंतच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथें औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह असून त्यांत यीस्टच्या जाति राखून ठेवल्या आहेत. पुणेकरांस ग्रंथसंग्रहांचा अभिमान आहे. हा संग्रहहि त्यांच्याच गांवांत आहे, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल?

फोटो पाहून झाल्यावर विद्यार्थ्याच्या मातोश्री चहा घेऊन आल्या. बाईंचें माहेर जुन्या मुळशीच्या खोऱ्यांतलें. सेनापति बापटांचा सत्याग्रह १९२१ पासून १९२४ पर्यंत चालला, तो ज्या धरणाविरुद्ध होता त्याच्या पाण्याखालीं त्यांच्या आजोबांचीं आंबेमोहराचीं खाचरें गेलीं. जमीन गेली, पण आजीनें बियाण्याचें गाडगें डोक्यावर घेऊन डोंगर चढला, असें त्या सांगतात. बीं कसें निवडावें हें मीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “बांधाकडच्या लोंब्या घ्यायच्या न्हाईत, मधल्या घ्यायच्या.” मीं विद्यार्थ्याकडे पाहिलें, तो हंसत होता. त्यानें ही गोष्ट आईपासून ऐकलेली होती आणि अमेरिकेंत बरणीपुढें बसल्यावर त्याला ती आठवली होती. मीं म्हटलें, “हें कोठें लिहून ठेवलें आहे कां?” बाई म्हणाल्या, “त्यात काय लिहायचं, सर? रोजचंच आहे.”

या उत्तरावर मी परततांना बराच विचार केला. आपल्या गद्याची सारी घडण जें रोजचें नाहीं तें सांगण्यासाठीं झाली आहे. निबंधकारांनीं स्वातंत्र्य, स्त्रीशिक्षण व पुनर्विवाह यांवर लिहिलें, तें लिहावयासच हवें होतें. पण उद्यांसाठीं काल कांहीं राखावें कसें, हें लिहिणारें गद्य त्यामुळें वाढलें नाहीं. भाषेनें तर विरजणावर उघड अन्याय केला आहे. उत्साह मावळला, बेत फसला, कीं आपण म्हणतों ‘विरजण पडलें’. ज्या चमचाभर वस्तूनें दुधाचें दहीं होतें, तिचें नांव आपण निराशेला दिलें! दुधाच्या बाजूनें पाहिलें तर म्हण खरी आहे, दहीं खाणाऱ्याच्या बाजूनें खोटी. व्हाइट-झैनाशेफ यांच्या ग्रंथासारखा ग्रंथ मराठींत व्हावा असें मला वाटतें. तो बीअरवर असण्याचें कारण नाहीं. विरजण, आंबवण, कणकेचा राखलेला गोळा आणि बियाण्याचें गाडगें यांवर, घरच्या शब्दांत, मापें व कारणें देऊन कोणी लिहिलें तर तें आमच्या कित्येक कादंबऱ्यांहून अधिक वेळां उघडलें जाईल. पण तो लिहिणाऱ्यानें प्रथम बाईंसारख्या कोणापाशीं बसून, ‘रोजचंच आहे’ या वाक्यापुढें न थांबतां, आणखी चार प्रश्न विचारले पाहिजेत. माझ्यानें त्या दिवशीं दोनच झाले.

निघतांना तिन्हीसांजा झाल्या होत्या. चहाबरोबर आलेलें दहीं अदमुरें नव्हतें, आंबट नव्हतें. माझ्या आईच्या हातचें असे तसें तें घट्ट लागलेलें होतें. थोडें विरजण मागावें म्हणून मीं शब्द टाकला. बाईंनीं देवापाशीं दिवा लावला होता. त्या म्हणाल्या, “आता न्हाई देता येणार. उद्या उजेडी या, भांडं घेऊन या.” दुसऱ्या दिवशीं मला सकाळचे तास होते. परवां गेलों, पितळेचा गडू घेऊन.